बुजलेलं भोक

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमधली खाऱ्या पाण्याची टाकी धरा. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६०, दिवस थंडीचे. खालच्या कपाटात फिल्टरची पेटी. तिच्यात हीटर आणि पाणी परत वर चढवणारा पंप.

रात्री ११.००
परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली १५ सेंटिमीटर आहे. पृष्ठभागालगत त्याला एक बारीक भोक असतं. पंप थांबला की तिथून हवा शिरावी आणि सायफन तुटावा म्हणून. गुलाबी कोरलाइन शैवालानं ते बुजलंय. काच रोज पुसली जाते, पाइपाकडे कुणी बघत नाही. मला याचंच वाईट वाटतं.

१.१०
वीज जाते. पंप थांबतो, पाणी थांबत नाही. टाकी उलटी वाहू लागते.

१.२०
१२० गुणिले ६० गुणिले १५, म्हणजे १०८ लिटर खाली आलं. पेटीत मोकळी जागा ४० लिटरची. उरलेलं ६८ लिटर फरशीवर.

२.४०
वीज येते आणि खरी नासधूस सुरू होते. पंप पेटी उपसतो, पण टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठाला पोचत नाही, त्यामुळे खाली काहीच परतत नाही. कोरड्या पेटीत काचेचा हीटर तापत राहतो. पातळी घटली म्हणून फ्लोट स्विच साठ्यातलं २५ लिटर गोडं पाणी सोडतो. हजारी ३५ असलेली क्षारता ३३च्या खाली येते. तापल्या हीटरला गार पाणी लागतं, काच तडकते.

२.५०
पाण्यात वीज उतरते आणि गळती ओळखून पुरवठा तोडणारा ईएलसीबी पडतो. माणसांचा जीव त्यानं वाचतो. पण पंप बंद, म्हणजे पुन्हा सायफन आणि फरशीवर आणखी २५ लिटर.

पहाटे ५.३०
२५ अंशाच्या समुद्री पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. अंधारात शैवाल तो तयार करत नाही. मासे, प्रवाळ, खडकातले जिवाणू सगळे वापरतात. पाणी हलवणारं काही उरलेलं नाही. क्लाउनफिश वर येऊन धापा टाकतायत. यलो टँग आडवा झालाय.

६.३०
आधी मेन स्विच बंद, मगच पाण्यात हात. बॅटरीवरचा हवेचा पंप लावायचा, सागरी मीठ कालवायला घ्यायचं, क्षारता सावकाश वर आणायची. मग पाइपाचा युनियन जोड खोलून पाइप सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा. शैवालातलं कॅल्शियम कार्बोनेट फसफसून सुटतं. पाइप नीट धुऊन बसवला, की सगळे जागे असताना पंप मुद्दाम बंद करायचा आणि पाणी कुठे थांबतं ते पाहायचं.