गाठोड्यातली चित्रं

रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे टेलिफोनवरून हापूसचा वास सांगण्यासारखं आहे. तरीही आज तेच करायचं ठरवलं आहे. कारण विषय प्रवासाचा आहे आणि प्रवास तर कोकणी माणसाच्या कपाळीच लिहिलेला. कुणी मुंबईला जातो, कुणी दुबईला, कुणी कुवेतला. निघताना डब्यात भाकरी आणि सुकी चटणी असते, पिशवीत पाण्याची बाटली असते आणि आता खिशात चित्रं असतात. प्रवासात सिनेमा पाहायला कुठलं यंत्र घ्यावं, बॅटरी किती चालते, पडदा केवढा हवा, अशी चर्चा घराघरांत होते. ही सारी आजकालची चैन आहे, असं आपल्याला वाटतं. पण चित्रं बरोबर घेऊन हिंडण्याचा आपल्या मुलखाचा इतिहास बराच जुना आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावापासून सुरुवात करू. आज हे गाव सिंधुदुर्गात आहे. पण १ मे १९८१ ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान्पिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रं, त्यांची मिळून एक ‘पोथी’. कलाकार पोथी घेऊन गावोगाव जायचे. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने एकेक चित्र समोर धरून कथा सांगायचे. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला. याच गावातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना पिंगुळीचं नाव प्रथमच कळलं.

या पोथीकडे प्रवासी माणसाच्या नजरेने पाहा. वजनाला हलकी, खांद्याला अडकवता येणारी. वीज नको, बॅटरी नको. रस्त्यात धक्के बसले तरी चित्राला काही होत नाही. आणि पाहणारे? देवळाच्या सभामंडपात मावतील तितके. पुढच्या सगळ्या यंत्रांना याच कसोट्या लागल्या: वजन, उजेड, धक्का आणि एका वेळी पाहणाऱ्यांची संख्या.

दुसरा टप्पा कल्याणचा. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी चित्रं रंगवायची, कंदिलाच्या उजेडात ती पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि पट्ट्या अशा चपळाईने बदलायच्या की पडद्यावरची माणसं हालचाल करताहेत असा भास व्हावा. सोबत कथा आणि संगीत. हे खेळही गावोगाव हिंडले. पोथीचा कागद सुरकुतला तरी चालायचा. इथे मात्र सारा संसार काचेचा. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या गाडीवानाच्या जिवाचं पाणी होत असेल.

त्यानंतर चारच वर्षांनी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. ते पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत एका कुस्तीचं चित्रण केलं आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचं. परांजपे आपले दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. म्हणजे आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रफितींपैकी एकीत प्रवासाहून घरी आलेला एक कोकणी माणूस होता. दुर्दैव असं की ती फीत आज पाहायला मिळत नाही. ३ मे १९१३ ला प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. हे लक्षात असू द्या. शेवटी त्याचं काम पडणार आहे.

मग तंबूतला सिनेमा आला. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं. पावणेतीन तासांच्या हिंदी सिनेमाला अशी पंधरा रिळं लागणार. पत्र्याच्या डब्यांतली ती रिळं, प्रोजेक्टर, पडदा, तंबू आणि जनरेटर असा लवाजमा ट्रकमध्ये घालून मंडळी जत्रेमागून जत्रा करत हिंडायची. पोथी एकाच्या खांद्यावर मावायची, या सिनेमाला ट्रकही अपुरा. पण पाहणारे शेकड्यांनी. पुढे रिळं गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले आणि या तंबूंचा निभाव लागेना. त्यांची कहाणी सांगणारा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातले तंबू आपल्या महाराष्ट्राच्या जत्रांतले आहेत.

माझ्या पिढीच्या आठवणी मात्र व्हिडिओपासून सुरू होतात. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण डोंगरांच्या आड बसलेल्या आमच्या गावांना त्याची चित्रं दिसायला बराच काळ गेला. आमच्या मोहल्ल्यात दूरदर्शनच्या आधी व्हिडिओ आला. तो आणला आखातात गेलेल्या माणसांनी. आधी टू-इन-वन आणि ब्लँकेटं यायची, मग व्हीसीआर येऊ लागला. मुंबईच्या विमानतळावर कस्टमची धाकधूक सोसून खोकं घरी पोचलं की त्या रात्री अंगणात चटया पडायच्या. घरमालक पाहुण्यासारखा कोपऱ्यात आणि गाव मालकासारखं पुढे. हिंदू-मुसलमान, लहान-थोर, सारे एकाच पडद्यासमोर. मध्येच वीज गेली की कुणीही उठायचं नाही; ती येईपर्यंत पुढे काय होईल याच्या पैजा लागायच्या.

त्याच सुमारास मुंबईच्या रातराण्यांना ‘व्हिडिओ कोच’ अशी पाटी लागली. ड्रायव्हरच्या पाठीमागे उंचावर टीव्ही, खाली व्हीसीआर. रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि वाटेत कशेडीचा घाट. व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला पंचवीस फेरे घेतो आणि त्यावरची सूक्ष्म हेड्स अर्ध्या इंचाच्या फितीवरच्या तिरप्या रेघा वाचतात. असलं नाजूक यंत्र घाटातल्या खड्ड्यांत किती सांभाळणार? पडद्यावर मुंग्या यायच्या, नायिकेचा चेहरा वाकडा व्हायचा. शेवटच्या बाकावरच्यांना अर्धाच पडदा दिसायचा आणि झोपू इच्छिणाऱ्यांनाही हाणामारीचे आवाज ऐकावेच लागायचे. सिनेमा कुठला, हे क्लीनरच्या मर्जीवर. तरी पहाटे पनवेलला उतरताना अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, ‘शेवटी तो भाऊ सापडला का हो?’

पण त्या काळ्या कॅसेटचा खरा उपयोग वेगळाच होता. ऐंशीच्या दशकात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आमच्याकडे चैन म्हणून जितकं झालं, तितकंच गरज म्हणून झालं. घरचा कर्ता माणूस आखातात. रजा दोन वर्षांनी. मुलीचा निकाह त्याच्यासाठी थांबत नाही. मग कॅसेटची एक प्रत कुणा जाणाऱ्याच्या सामानात घालून पाठवली जाई. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी आपल्या लेकीचा निकाह असाच पाहिला, चार महिन्यांनी, कुवेतमधल्या एका खोलीत, आणखी अकरा जणांबरोबर. रुखसतीच्या वेळी खोलीतलं कुणीच बोलत नव्हतं, एवढंच त्यांनी पत्रात लिहिलं होतं. त्या अकरांतले निम्मे जण तर वेगळ्याच मुलखाचे, वेगळ्या भाषांचे होते.

आता खिशाकडे वळू. सोनी कंपनीने १९८८ मध्ये व्हिडिओ वॉकमन काढला. तीन इंची पडदा आणि आठ मिलिमीटरची फीत. आपल्याकडे तो फार थोड्यांनी पाहिला. खरी मुसंडी मारली ती चकत्यांनी. १९९३ मध्ये व्हीसीडीचं तंत्र ठरलं. एका चकतीवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांवर यायचा. मग डीव्हीडी आली आणि १९९८ मध्ये पॅनासॉनिकने हातात धरून नेता येईल असा डीव्हीडी प्लेअर बाजारात आणला. व्हीसीडीवर एका केसाच्या जाडीत चाळीसएक ओळी मावतात, डीव्हीडीवर त्याच्या दुपटीहून जास्त. त्या ओळी वाचणारा लेसरचा किरण धक्क्याने सरकला की चित्राचे चौकोन चौकोन होतात. यावर उपाय म्हणून यंत्र थोडा भाग आधीच वाचून स्मृतीत ठेवू लागलं. खड्डा जाईपर्यंत साठवणीतलं खायचं, पावसाळ्यातल्या आमच्या सुक्या मासळीसारखं.

आखातातून असे प्लेअर आणणाऱ्यांना आणखी एक अडचण असे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले होते. आखात विभाग २ मध्ये, भारत विभाग ५ मध्ये. दुबईत घेतलेल्या यंत्रावर इथली विभाग ५ ची चकती चालेलच असं नाही. पुष्कळ हिंदी चकत्यांवर असं बंधन नसे, म्हणून निभावलं. जाणकार माणूस दुकानात आधी विचारायचा, ‘सगळे विभाग चालतात ना?’ मग बॅटरी. एका चार्जिंगवर दोन-तीन तास, म्हणजे जेमतेम एक सिनेमा.

त्या प्लेअरमधली एक गोष्ट मला फार आवडायची. पुष्कळ प्लेअरना इअरफोनची दोन छिद्रं असायची. प्रवासात माणसाच्या शेजारी माणूस असतो, हे ते यंत्र बनवणाऱ्याने ध्यानात ठेवलं होतं. २००२ मध्ये फ्रान्सच्या आर्कोसने हार्ड डिस्कवर सिनेमे साठवणारं खिशातलं यंत्र काढलं. ऑक्टोबर २००५ मध्ये अ‍ॅपलच्या आयपॉडवर व्हिडिओ आला, अडीच इंची पडद्यावर. तिथे छिद्र एकच उरलं. विमानातही तसंच झालं होतं: १९९२ मध्ये दुबईच्या एमिरेट्सने सर्व वर्गांतल्या प्रत्येक आसनापुढे स्वतंत्र पडदा बसवला. आमचा चाकरमानी आखाताकडे निघाला की अर्ध्या वाटेतच एकट्याने सिनेमा पाहायला शिकू लागला. पुढे मोबाइलने हे सगळं पोटात घातलं आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचं उत्पादनही थांबल्याचं जाहीर झालं.

आजच्या प्रवाशाने काय करावं? कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. नेटवर्कवरून येणारं चित्र बोगद्यात बहुधा अडकतं. म्हणून घरून निघतानाच सिनेमा फोनमध्ये उतरवून घ्यावा, पडद्याचा उजेड कमी ठेवावा म्हणजे बॅटरी पुरते, आणि इअरफोन विसरू नये. रात्री दहानंतर डब्यात मोठ्या आवाजात गाणी-सिनेमे लावू नयेत, असं रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. तो नियम करावा लागला, यातच आपली अडचण दिसते. शेजाऱ्याला आवाज मिळतो, चित्र मिळत नाही. दोन तोंडांची इअरफोनची वायर अजून मिळते, फोनला छिद्र असेल तर तीही जवळ ठेवावी.

पण मला आजच्या सिनेमाची काळजी नाही. तो कुठे ना कुठे मिळेल. काळजी आहे ती आपल्या ट्रंकांमधल्या कॅसेटींची. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. यंत्रं संपत चालली आणि आमची दमट हवा फितीवर बुरशी धरवते. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी पूड दिसली तर ती यंत्रात घालू नका. फितीचाही नाश आणि यंत्राचाही. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली काढून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही मुद्रित होणार नाही. कॅसेटी आडव्या न रचता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. आणि व्हीसीआर चालू स्थितीत आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घ्या. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, त्याला जवळची वाट नाही.

रँग्लर परांजप्यांच्या स्वागताची फीत गेली, ती परत येणार नाही. पण दाभोळला, राजिवड्याला, मिरकरवाड्याला, चिपळूणला कुणाच्या तरी पेटीत अशी एक कॅसेट नक्की असेल, ज्यात चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण आहे, गेलेल्या आजीची हळद कुटतानाची लगबग आहे, अब्बांचा आवाज आहे. पुढचा पाऊस लागायच्या आत ती बाहेर काढा. उतरवून झाली की फोनवर एकट्याने पाहू नका. घरातला मोठा टीव्ही लावा, शेजारच्यांना बोलवा आणि जे आज हयात आहेत त्यांना विचारून प्रत्येकाचं नाव लिहून ठेवा. पिंगुळीच्या पोथीला सांगणारा माणूस लागायचा, तसा या चित्रांनाही लागतो. तो अजून आपल्यात आहे, तोवर हे काम उरकून घेऊ या.