अंगठ्यामागचे निरोप

डहाणू तालुक्यातल्या रानशेतला एका दुकानात मी उभा होतो. एका आजींनी आधार क्रमांक सांगितला, छोट्या यंत्रावर अंगठा टेकवला आणि पाचशे रुपये मोजून घेतले. खाते एका बँकेचे, यंत्र दुसरीचे. दोघींच्या संगणकप्रणालीही निराळ्या. मग एकीचे बोलणे दुसरीला कळते कसे?

या बोलाचालीचा इतिहास बराचसा मुंबईत घडला. १९८७ साली तिथे देशातले पहिले एटीएम आले. मग बँकांनी आपापली यंत्रे मांडली, पण एकीचे कार्ड दुसरीकडे चालेना. १९९७ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत ‘स्वधन’ हे सामायिक जाळे उभारले. २००३ अखेर ते बंदही पडले. नाव मात्र छान होते! २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेने ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ सुरू केले आणि २००९ च्या डिसेंबरात ते मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आले.

जगातले सॉफ्टवेअरवालेही तेव्हा याच पेचात होते. जावावरचा सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवरचा सर्व्हर एकाच मजकुराचा अर्थ कधीकधी वेगळा लावत. तारीख लिहिण्यावरूनसुद्धा घोळ होई. अखेर २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट अशा प्रतिस्पर्ध्यांनीच एकत्र येऊन नियमांचा अर्थ एक करण्यासाठी संस्था काढली. आतला कारभार कसाही असो, बाहेर जाणारा निरोप ठरल्या साच्यातच हवा. आपल्या मनीऑर्डरच्या फॉर्मसारखे: पोस्टमास्तर कोणीही असो, रकाने तेच. २०१६ च्या यूपीआयचे निरोपही अशाच ठरीव एक्सएमएल साच्यात जातात.

पण निरोप समजला म्हणजे काम झाले असे नाही. उत्तर परत यावे लागते. खातेदाराच्या बँकेने रक्कम वजा केली आणि उत्तर वाटेत हरवले, तर यंत्र म्हणते, ‘व्यवहार अयशस्वी’.

आजींच्या मागे उभ्या असलेल्या बाईंचे नेमके तेच झाले. पैसे कापल्याचा संदेश आला, हातात काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम पाच दिवसांत परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम चांगला आहे. पण तो त्या दुकानात कुठे लावलेला मला दिसला नाही, आणि बाईंना बाजार दुसऱ्याच दिवशी करायचा होता.

“मावशी, पावती जपून ठेवा,” दुकानदार म्हणाला. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि पुन्हा एकदा अंगठा लावून पाहू का, असे विचारले.