जाफातून वाजलेलं गाणं

साल १९९२. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावातल्या स्टुडिओत तुम्ही कंट्रोल रूमच्या काचेशी उभे आहात. पलीकडे ऑक्सफर्डकडची पाच पोरं आहेत. बँडचं नाव रेडिओहेड. अलीकडेपर्यंत ते 'ऑन अ फ्रायडे' होतं. ज्या गाण्यांसाठी स्टुडिओ घेतलाय, ती काही केल्या जमत नाहीयेत. अमेरिकेहून आलेले निर्माते शॉन स्लेड आणि पॉल कोल्डेरी वैतागलेत. मागे तालमीत पोरांनी आणखी एक गाणं वाजवलं होतं आणि गायक थॉम यॉर्क म्हणाला होता की हे आमचं स्कॉट वॉकर-गाणं. निर्मात्यांना ते खरोखरच वॉकर या गायकाचं वाटलं. यांच्याकडचं सगळ्यात चांगलं गाणंच नेमकं दुसऱ्याचं, म्हणून दोघं हळहळले. आज अडलेलं काम सुटावं म्हणून ते सांगतात, तेच वाजवा.

गाण्याचं नाव 'क्रीप'. पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड: जी, बी, सी आणि सी मायनर. जी म्हणजे षड्ज धरलात, तर आत सरकणारा एक धागा कानाला स्वच्छ लागेल. पंचमावरून कोमल धैवत, तिथून शुद्ध धैवत, मग पुन्हा कोमल धैवत आणि पंचम. दर फेरीत वर जायची उमेद धरायची आणि चौथ्या कॉर्डला माघारी यायचं. गाण्यातल्या, स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाची व्यथा शब्द कळण्याआधीच या सुरांत सांगून झालेली असते.

आता गिटारवादक जॉनी ग्रीनवुडच्या उजव्या हाताकडे बघा. त्याला हे गाणं फार मवाळ वाटतं, म्हणून धृपदाच्या तोंडाशी तो दाबलेल्या तारांवर हात आपटतो. खर्रक, खर्रक! गाणं बिघडवायला मारलेले हे फटके, पण तुमच्या अंगावर काटा येतो. एका दमात टेक होतो आणि स्टुडिओतली मंडळी टाळ्या वाजवतात. गाणं आपलंच असल्याची ग्वाही पोरं देतात. कोल्डेरी ईएमआय कंपनीला फोन लावतो. पुढे 'द एअर दॅट आय ब्रीद'शी असलेल्या साम्यामुळे त्या गाण्याचे कर्ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांची नावंही या गाण्याला जोडली जाणार आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे; आत्ता कुणाला सांगू नका.

सप्टेंबरात रेकॉर्ड बाजारात येते. बीबीसी रेडिओ वनला गाणं फारच उदास वाटतं आणि ते वाजेनासं होतं. जेमतेम सहा हजार प्रती खपतात, ब्रिटिश यादीत ७८वा क्रमांक. इथे बहुतेक गाण्यांचा कारभार आटोपतो.

तुम्ही मात्र थेट इस्रायलला चला. तेल अवीवच्या बसमध्ये बसलाय, शेजारी गणवेशातली कोवळी पोरं, मांडीवर बंदुका. ड्रायव्हरने रेडिओ लावलाय. केंद्र आहे गलेई त्साहल, म्हणजे लष्कराचं. त्याचं ठाणं जवळच जाफात. केंद्र लष्करी असलं तरी ऐकतो सगळा देश. तिथे योआव कुटनर हा निवेदक ईएमआयच्या स्थानिक माणसाकडून मिळालेली 'क्रीप' लावतो. पुन्हा लावतो. पुन्हा पुन्हा लावत राहतो. मला त्याचं मोठेपण इथेच दिसतं. चांगलं गाणं ओळखणारे पुष्कळ असतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात ते मुरेपर्यंत लावून धरायला छाती लागते. तुमच्या पुढच्या सीटवरचा शिपाई त्या फटक्यांच्या वेळी बोटांनी खिडकीची काच वाजवतो. गाणं त्याला पाठ झालंय.

मार्च १९९३मध्ये बँड तेल अवीवला पोहोचतो. मायदेशात ज्यांचं हेच गाणं पडलं, त्यांच्यासाठी इथे रॉक्सॅन क्लबात गर्दी उसळली आहे. घामट काळोखात तुम्ही मागच्या भिंतीला चिकटून उभे राहता आणि समोरचे सगळे धृपद थॉमच्याही वर चढवून म्हणतात.

आता अमेरिकेत चला, पण सॅन फ्रान्सिस्कोत फार थांबायचं नाही. तिथल्या 'लाइव्ह १०५' केंद्राने गाणं उचललंय, मग पश्चिम किनाऱ्यावरची इतर केंद्रंही वाजवू लागतात. अमेरिकी रेडिओसाठी कडव्यातली शिवी काढून तिथे 'व्हेरी' हा सोज्ज्वळ शब्द घातलाय. दात काढल्यासारखं वाटतं खरं, पण जॉनीचे फटके शाबूत आहेत आणि काम तेच करतात. बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत 'क्रीप' दुसऱ्या क्रमांकावर जातं, मुख्य यादीत ३४व्या.

मग सप्टेंबर १९९३. ईएमआय ब्रिटनमध्ये तीच रेकॉर्ड पुन्हा काढते. वर्षभरापूर्वी ७८व्या क्रमांकावर अडलेलं गाणं आता सातव्यावर आहे. रेकॉर्डच्या दुकानात रांग लागली आहे. तुमच्या पुढचा मुलगा खिशातली चिल्लर मोजतोय. पैसे काढून ठेवा, तुमचा नंबर येतोय.