छायाचित्र संपादन सॉफ्टवेअरच्या इंटरफेसची जुळवणी

छायाचित्र संपादन सॉफ्टवेअरच्या इंटरफेसची जुळवणी म्हणजे फोटोशॉप, जिम्प यांसारख्या सॉफ्टवेअरमधील साधने, पॅनेल, पार्श्वभूमीची छटा, कळफलकावरील शॉर्टकट, भाषा व मजकुराची यंत्रणा यांत वापरकर्त्याने आपल्या कामाला अनुसरून केलेले बदल होत. यांतील बहुतेक बदल सोयीपुरते असतात. पार्श्वभूमीची छटा व मजकुराची यंत्रणा यांचा परिणाम मात्र तयार होणाऱ्या चित्रापर्यंत पोहोचतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांतील गडांची छायाचित्रे संपादित करून त्यांवर मराठी नावे घालताना या दोन्ही गोष्टी ठळकपणे जाणवतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली.)

साधने व पॅनेल यांची मांडणी

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये, तर जिम्पची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ मध्ये आली. जिम्पमध्ये पूर्वी साधने, लेअर व चित्र यांच्या खिडक्या सुट्या असत आणि त्या एकमेकींआड दडत. २०१२ मधील २.८ या आवृत्तीत त्या एकाच खिडकीत आणण्याची सोय झाली व २०१८ मधील २.१० पासून तीच मूळ मांडणी ठरली. फोटोशॉपमध्ये पॅनेलची मनाजोगती रचना ‘विंडो’ मेनूतील ‘वर्कस्पेस’मधून नाव देऊन साठवता येते. दोन्हींत ‘टॅब’ कळ दाबल्यास पॅनेल तात्पुरती लपतात. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर ही एकच युक्ती बरीचशी अडचण दूर करते.

फोटोशॉपची सवय असलेल्यांसाठी जिम्पची मांडणी व शॉर्टकट त्या धर्तीवर बदलणारा ‘फोटोजिम्प’ हा मोफत संच उपलब्ध आहे. तो मांडणी बदलतो. साधनांचे मूळ काम जिम्पचेच राहते.

पार्श्वभूमीची छटा

फोटोशॉपच्या सीएस६ (२०१२) व जिम्पच्या २.१० या आवृत्त्यांपासून गडद इंटरफेस रूढ झाला. तो डोळ्यांना सुखावह वाटतो, परंतु काळ्या चौकटीतील चित्र प्रत्यक्षाहून अधिक उजळ भासते. शेजारच्या छटेमुळे मूळ छटा वेगळी भासण्याच्या या परिणामाचे विवेचन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये केले होते.

राजगड वा तोरण्याचा काळा बेसाल्ट, त्यावरील शेवाळ आणि पावसाळी धुके यांच्या छायाचित्रात फरक मुळातच थोड्या छटांचा असतो. गडद पडद्यावर समाधानकारक दिसणारी संजीवनी माचीची तटबंदी पांढऱ्या कागदावर छापल्यावर काळवंडते व दगडांच्या सांधणीचे तपशील नाहीसे होतात. म्हणून छपाईसाठीचे काम मध्यम करड्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर करणे श्रेयस्कर. त्यासाठी संपूर्ण इंटरफेस बदलण्याची गरज नाही. फोटोशॉपमध्ये चित्राभोवतालच्या रिकाम्या जागेवर उजवी कळ दाबून, तर जिम्पमध्ये ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इमेज विंडोज’ या विभागातून केवळ चित्राभोवतीची छटा बदलता येते.

देवनागरी मजकूर

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिली जाते व्यंजनाआधी. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे पालटतात. ही जुळणी मजकुराच्या यंत्रणेने करावयाची असते. फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत मूळ यंत्रणा रोमन व पूर्व आशियाई लिप्यांपुरती असल्याने युनिकोड मराठी मजकूर विस्कटतो. भोर तालुक्यातील रोहिडा किल्ल्याचे दुसरे नाव ‘विचित्रगड’ ही त्याची उत्तम कसोटी आहे. त्यात दोन ऱ्हस्व वेलांट्या व ‘त्र’ हे जोडाक्षर आहे. जुळणी न झाल्यास दोन्ही वेलांट्या व्यंजनांच्या मागे जातात आणि ‘त्र’ऐवजी पाय मोडलेला ‘त’ व सुटा ‘र’ दिसतो. ‘वेल्हे’ या नावातील ‘ल्ह’ची गतही तशीच होते.

अशा आवृत्त्यांत ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टाइप’ विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडून फोटोशॉप पुन्हा सुरू करावे लागते. आधीच टंकलेला मजकूर तरीही सुधारला नाही, तर परिच्छेदाच्या पॅनेलमधील मेनूतून त्या मजकुराची रचनापद्धती स्वतंत्रपणे बदलावी. जिम्प पँगो ही यंत्रणा वापरत असल्याने त्यात देवनागरीसाठी असे काही करावे लागत नाही.

ही सेटिंग ठाऊक नसल्याने मराठी मजकूर बिघडण्याचा दोष पुष्कळदा युनिकोडच्या माथी मारला जातो. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये अक्षरांचे तयार तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्याने ते कोणत्याही यंत्रणेत नीट दिसतात. छपाईच्या व्यवसायात ते टिकून राहण्याचे हे एक कारण आहे. परंतु असा मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसल्यास निरर्थक रोमन चिन्हांत बदलतो, आणि तो शोधताही येत नाही. गडांच्या चित्रांचा संग्रह दीर्घकाळ जपावयाचा असल्यास हा तोटा मोठा आहे.

मराठी इंटरफेस

फोटोशॉपचा इंटरफेस मराठीत उपलब्ध नाही. जिम्पचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केला असून ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इंटरफेस’ विभागातून भाषा निवडल्यावर व जिम्प पुन्हा सुरू केल्यावर तो दिसतो. अनुवाद अपुरा असल्याने नवी साधने इंग्रजीतच राहतात व मेनू दुभाषी होतो. मराठी माध्यमातील नवशिक्यांना तो तरीही उपयोगी पडतो. इंग्रजी पुस्तकावरून शिकणाऱ्याला मात्र नावे जुळवीत बसावे लागते.

जतन व पूर्वस्थिती

जिम्पच्या सेटिंग वापरकर्त्याच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फायलींत असतात. पॅनेलची जागा ‘सेशनआरसी’त, साधनांचा क्रम ‘टूलआरसी’त, तर शॉर्टकट २.१० मध्ये ‘मेनूआरसी’त व मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये ‘शॉर्टकट्सआरसी’त साठवले जातात. एकाच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर या फायली नेल्यास तीच मांडणी मिळते. फोटोशॉप सुरू होताना विंडोजवर ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ व ‘शिफ्ट’ या कळा एकत्र दाबून धरल्यास सेटिंग पुसण्याबाबत विचारणा होते. होकार दिल्यास मजकुराच्या यंत्रणेचा पर्यायही मूळपदावर जातो व तो पुन्हा निवडावा लागतो.