आग्र्याचा दरबार, १२ मे १६६६ : शब्दांविना झालेला संवाद

१/
१२ मे १६६६. आग्र्याच्या किल्ल्यात शिवाजी महाराज आणि औरंगजेब समोरासमोर आले. या भेटीत दोघांनी परस्परांशी थेट एक शब्दही उच्चारला नाही. तरीही दरबार उठला तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याचे म्हणणे पुरते उमगले होते. ते कसे, याचा हा धागा.

२/
आग्रा प्रकरण बहुतेकांना पेटाऱ्यांमुळे ठाऊक असते. सुटकेच्या थरारात दरबारातील ती घटका झाकोळून जाते आणि तिची बोळवण एखाद्या वाक्यात होते. कोणी म्हणतो, अपमान झाला म्हणून महाराज संतापले. कोणी म्हणतो, त्यांना मोगली रिवाज ठाऊक नव्हते, सारा गैरसमज होता. यांतले दुसरे मत मूळचे औरंगजेबाच्या दरबारी इतिहासाचे, म्हणजे मुहम्मद काझिमच्या ‘आलमगीरनाम्या’चे आहे. पहिले मत खरे असले तरी अपुरे आहे. दुसरे सोयीचे आहे.

३/
या प्रसंगाचे सर्वांत जिवंत साधन म्हणजे राजस्थानी पत्रे. मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र कुंवर रामसिंग आग्र्यात होते. त्यांच्या पदरचा परकालदास तेथील हकीकत आमेरला कल्याणदास या कारभाऱ्यास कळवीत असे. ही पत्रे जयपूरच्या दप्तरात होती. जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासकांपुढे आणली. घटना घडत असतानाच, घरच्या माणसाला लिहिलेली ही पत्रे आहेत. अशा पत्रात माणूस सहसा पोशाखी बोलत नाही.

४/
मुख्य कथेकडे वळण्यापूर्वी एक संकल्पना पाहणे आवश्यक आहे. संवाद म्हटला की बोलणारा, ऐकणारा आणि निरोप एवढेच डोळ्यांपुढे येते. १९६७ मध्ये पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. एक, समोरासमोर आलेल्या माणसांना संवाद टाळताच येत नाही. मौन आणि पाठ फिरवणे हेही निरोपच असतात. दोन, प्रत्येक निरोपात दोन थर असतात : काय सांगितले, आणि सांगणारा स्वतःला व समोरच्याला कोणत्या नात्यात ठेवतो. आग्र्यात सारा झगडा या दुसऱ्या थराचा होता.

५/
नात्याचा प्रश्न पुरंदरपासूनच लोंबकळत होता. जून १६६५ च्या तहात २३ किल्ले मोगलांकडे गेले, १२ महाराजांकडे राहिले. पंचहजारी मनसब मिळाली ती शंभूराजांना. महाराजांनी स्वतःला मनसबदारीतून मोकळे ठेवले. ही तडजोड चतुर होती. महाराजांच्या बाजूने तिचा अर्थ असा की, मुलगा चाकरीत आहे, बाप नाही. बादशाही दप्तराच्या बाजूने अर्थ असा की, एक बंडखोर जमीनदार शरण आला. एकच कागद, दोन नाती. जयसिंगांना ही संदिग्धता त्या वेळी हवीशीच होती, कारण तिच्यामुळे तह झाला.

६/
पुढे महाराजांना उत्तरेत पाठवण्याचे कामही जयसिंगांनीच केले. त्यांनी मोठ्या सन्मानाची आशा दाखवली आणि जीविताच्या सुरक्षिततेची शपथ घेतली. आग्र्यात रामसिंग पाठीशी राहतील असे ठरले. इथे जयसिंग हे केवळ जासूद नव्हते. एका बाजूचे बोलणे दुसऱ्या बाजूला रुचेल अशा भाषेत वळवणारे ते दुभाषे होते. अशा दुभाष्याचे यश एका अटीवर अवलंबून असते. दोन्ही पक्ष त्याच्या अनुपस्थितीत भेटता कामा नयेत. मे १६६६ मध्ये जयसिंग दख्खनेत होते.

७/
५ मार्चला महाराज राजगडाहून निघाले. परकालदासाच्या वर्णनात त्यांच्यापुढे निशाणाचा हत्ती आहे, चांदीच्या पत्र्याने मढवलेली पालखी आहे. सोबतचे लोक मात्र थोडेच. महाराजांविषयी तो लिहितो त्याचा आशय असा की, माणूस दिसायला सडपातळ आणि ठेंगणा, पण ओळख नसली तरी पाहताक्षणी राजा वाटावा. ती स्वारी म्हणजेच एक निरोप होता आणि रस्त्यावरच्या बघ्यांनी तो अचूक वाचला होता.

८/
आग्र्याचे उत्तर ११ मेपासून येऊ लागले. वेशीबाहेरच्या मुक्कामी स्वागताला आला तो रामसिंगांचा मुनशी गिरधरलाल. दुसऱ्या दिवशी रामसिंगांची किल्ल्यावर चौकीची पाळी होती, त्यामुळे त्यांना निघायला उशीर झाला. त्यातच दोन्ही मंडळी वेगवेगळ्या रस्त्यांनी गेली आणि चुकामूक झाली. अखेर नूरगंज बागेजवळ भेट होऊन रामसिंगांनी आलिंगन दिले. विश्रांतीला वेळ उरला नव्हता. सारे तडक किल्ल्याकडे निघाले.

यात कोणाचा कट दिसत नाही. संवादशास्त्रात अशा अडथळ्यांना ‘व्यत्यय’ म्हणतात. पण पाहुण्याच्या दृष्टीने हेतुपूर्वक केलेली अवहेलना आणि ढिसाळपणा यांत फरक कसा कळावा?

९/
तो दिवस औरंगजेबाच्या पन्नासाव्या चांद्र वाढदिवसाचा. शाहजहान जानेवारीत वारला होता आणि त्यानंतर बादशहाने आग्र्यात दरबार भरवला होता. महाराज पोहोचले तोवर दिवाण-इ-आम आटोपून बादशहा दिवाण-इ-खासमध्ये बसला होता.

मोगल दरबार ही एक भाषाच होती. बसणारा एकटा बादशहा, बाकी सारे उभे. कोण तख्तापासून किती अंतरावर, कोणाच्या मागे, कोणाला विडा, कोणाला खिलत, यावरून साम्राज्यातील प्रत्येकाची किंमत उघड्या डोळ्यांनी वाचता येई. तिथे तोंडाने बोलण्याची गरज फारशी नसेच.

१०/
बक्षी असदखानाने महाराजांना पुढे नेले. नजर-निसार झाली. शंभूराजांनीही नजर दिली. त्यांना नऊ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस होते. बादशहा काहीच बोलला नाही. महाराजांना मागे नेऊन पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले आणि दरबाराचे काम पुढे सुरू झाले.

साम्राज्याच्या हिशेबात पंचहजारी म्हणजे मोठीच जागा. कित्येक सरदारांची हयात तिथवर पोहोचण्यात जाई. पण तीच मनसब या पाहुण्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला आधीच मिळालेली होती. बापाला मुलाच्या दर्जावर उभे करताना दरबाराने पुरंदरचा संदिग्ध कागद स्वतःच्या बाजूने वाचून टाकला. चाकरीत नसलेला माणूस रांगेत उभा राहिला की तो चाकर ठरतो.

११/
वाढदिवसाचे विडे वाटले गेले. एक महाराजांनाही मिळाला. मग खिलती आल्या : शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला. महाराजांना नाही. सभासदाच्या बखरीत महाराज जसवंतसिंगाविषयी विचारतात की, ज्याची पाठ माझ्या लष्कराने पाहिली, त्याच्या मागे मी उभा राहावे काय? राजस्थानी पत्रांत क्षोभाचा क्षण खिलतींच्या वाटपाचा आहे. दोन्ही साधने स्वतंत्र, पण बोट एकाच जखमेवर आहे.

१२/
परकालदास लिहितो की महाराज खिन्न झाले, संतापले, डोळे पाणावले. बादशहाच्या ते लक्षात आले आणि त्याने रामसिंगांना चौकशी करायला सांगितले. महाराजांचे उत्तर आशयाने असे : मी कसा माणूस आहे हे तुम्ही पाहिले, तुमच्या वडिलांनी पाहिले, तुमच्या बादशहानेही पाहिले, आणि तरी मला इतका वेळ उभे ठेवले; तुमची मनसब मी टाकतो. एवढे बोलून त्यांनी तख्ताकडे पाठ फिरवली. रामसिंगांनी हात धरला, तो झिडकारून ते बाजूला जाऊन बसले.

जिथे फक्त बादशहा बसतो तिथे ते बसले. दरबारी भाषेतील सर्वांत मोठे वाक्य त्यांनी त्या एका कृतीने उच्चारले. रिवाज ठाऊक नसलेल्या माणसाला ते इतके नेमके साधले नसते.

१३/
बादशहाने मुल्तफतखान, आकिलखान आणि मुखलिसखान यांना समजूत घालायला पाठवले. खिलत देऊ केली गेली. महाराजांनी ती नाकारली. खिलत अंगावर घेणे म्हणजे देणाऱ्याचे वर्चस्व अंगावर घेणे. तासाभरापूर्वी कदाचित चालले असते, आता नाही. शेवटी रामसिंगांना हुकूम झाला की त्यांना डेऱ्यावर न्यावे. त्यानंतर बादशहाने महाराजांना पुन्हा समोर येऊ दिले नाही.

१४/
या सगळ्याला गैरसमज म्हणणे म्हणूनच पटत नाही. गैरसमजात निरोप एक असतो आणि पोहोचतो भलताच. इथे दरबाराने ‘तू माझा चाकर’ म्हटले, ते तसेच पोहोचले. ‘मी नाही’ हे उत्तरही तसेच पोहोचले. बिघाड झाला होता तो त्या दिवसापूर्वी, जयसिंगांनी दोन बाजूंना एकाच नात्याची दोन चित्रे दाखवली तेव्हा.

१५/
बादशहालाही हे जाणवले असावे. कारण यानंतर त्याने जयसिंगांकडे पृच्छा केली की शिवाजीला नेमकी कोणती वचने दिली होती? जो प्रश्न पाहुण्याला बोलावण्याआधी विचारायचा, तो त्याला पहाऱ्यात ठेवल्यानंतर विचारला गेला. त्यात आग्रा ते दख्खन हे अंतर! निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडे उलटत. तोवर महाराजांसाठी रामसिंगांना जामीन राहावे लागले आणि कोतवाल फुलादखानाच्या चौक्या डेऱ्याभोवती बसल्या.

१६/
पुढच्या तीन महिन्यांत महाराजांनी आपल्या बोलण्याची धाटणी बदलली. अर्ज, विनंत्या, सोबतच्या लोकांना घरी जाऊ देण्याची परवानगी. ती बादशहाने आनंदाने दिली, कारण त्याला तो खचलेला माणूस वाटला. मग आजारपण. बखरी सांगतात त्याप्रमाणे मिठाईचे पेटारे रोज जाऊ लागले. पहारेकऱ्याला जे पाहण्याची सवय होते, ते तो पाहीनासा होतो. मे महिन्यात ज्याने मनातले सारे चेहऱ्यावर येऊ दिले, त्याच्या चेहऱ्यावरून ऑगस्टमध्ये कोणालाच काही कळले नाही.

१७/
ऑगस्टच्या मध्यावर डेरा रिकामा सापडला. बादशहाचा संशय प्रथम रामसिंगांवर गेला. त्यांचा दरबार बंद झाला, मनसब गेली. जयसिंग दख्खनेतून मुलाच्या निर्दोषपणाची पत्रे लिहीत राहिले. १६६७ च्या ऑगस्टमध्ये, दख्खनचा कारभार काढून घेतला गेल्यावर परतीच्या वाटेवर, बऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला.