तबकडीची पन्नास वर्षांची प्रतीक्षा : डिस्क ब्रेकचा इतिहास

१/
इ.स. १९०२. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने मोटारीच्या ब्रेकचे एक पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा जबडा, एवढीच ती कल्पना. आज बहुतेक मोटारींच्या निदान पुढच्या चाकांत हीच रचना असते. तरीही ती सामान्य ग्राहकाच्या मोटारीत येण्यास अर्धशतक लागले. तयार कल्पना एवढा काळ का अडली, आणि ब्रेक भरवशाचे होत गेले तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली, याविषयी हा थ्रेड.

२/
प्रथम ब्रेकचे खरे काम समजून घेऊ. ब्रेक गती नाहीशी करत नाही. तिचे उष्णतेत रूपांतर करतो. १००० किलो वजनाची मोटार ताशी १०० किमी वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे सव्वा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणण्याइतकी उष्णता काही सेकंदांत निर्माण होते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. त्यामुळे ब्रेकचा इतिहास हा बऱ्याच अंशी उष्णतेची विल्हेवाट लावण्याचा इतिहास आहे.

३/
लँचेस्टरच्या पेटंटच्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याच्या आतून दोन अर्धवर्तुळाकार ‘शू’ बाहेरच्या दिशेने दाबले जातात. या रचनेचा एक मोठा गुण असा की, चाकाची फिरकीच पुढचा शू ड्रमकडे ओढून घेते. चालकाच्या पायावरचा भार त्यामुळे हलका होतो. डिस्कमध्ये अशी मदत नसते. तेथे पायानेच अधिक जोर लावावा लागतो. पुढील पन्नास वर्षे ड्रमने राज्य केले, त्याचे हे एक कारण.

४/
दुसरे कारण म्हणजे लँचेस्टरची स्वतःची अडचण. त्याने जबड्याला तांब्याचे अस्तर लावले होते. धातूवर धातू घासला की कर्णकर्कश किंकाळी उठे. त्या काळचे रस्ते कच्चे आणि धुळीचे. तबकडी उघडी असल्याने धूळ थेट घासणाऱ्या पृष्ठभागांत शिरे आणि मऊ तांबे लवकर झिजे. तबकडीची भूमिती अचूक होती. तिच्यावर दाबण्यासाठी योग्य पदार्थ मात्र अस्तित्वात नव्हता.

५/
तो पदार्थ आला घोडागाड्यांच्या वाटेने. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर गाडी आवरण्यासाठी गाडीवान लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचे चामडे लावत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरे बनवण्याचा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांत ‘ई’ मिळवून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव घडवले. १९०७ च्या सुमारास त्यांनी अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरले. हे खनिज जळत नाही, त्याचे तंतू विणता येतात आणि ते फारसा आवाजही करत नाही. ब्रेकचे ‘लायनर’ म्हणून ते जगभर पसरले.

६/
पण त्याचा पहिला लाभ ड्रमला झाला. वेग मर्यादित होते आणि बंदिस्त ड्रम धुळीपासून सुरक्षित होता. त्याचे दुखणे वेग वाढल्यावर उघडे पडले. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो. पॅडल खोल जाते आणि ब्रेक ‘धरत’ नाही. डिस्कचे उलट आहे. तापलेली तबकडी जाड होते, म्हणजे पॅडच्या अधिक जवळ येते. शिवाय ती उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते आणि अंगावरचे पाणी भिरकावून देते.

७/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने अधिक जड आणि वेगवान झाली. धावपट्टीवर त्यांना थांबवण्यासाठी डिस्क ब्रेक उपयुक्त ठरले. १९४९ मध्ये अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीने विमानांच्या धर्तीचे डिस्क ब्रेक आपल्या छोट्या मोटारींना बसवले. परंतु धावपट्टी आणि रस्ता यांत अंतर होते. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ आणि चिखल यांनी ब्रेक गंजून अडकू लागले. कंपनीला लवकरच ड्रमकडे परतावे लागले.

८/
निर्णायक परीक्षा शर्यतीच्या मैदानात झाली. डनलॉप आणि जॅग्वार यांनी मिळून डिस्क ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी फ्रान्समधील रॅंस येथे डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. त्या शर्यतीच्या इतिहासात ताशी १०० मैलांहून (सुमारे १६० किमी) अधिक सरासरी प्रथमच नोंदली गेली. ल मांच्या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता आणि त्याच्या शेवटी तीव्र वळण. डिस्कचे चालक तेथे इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत आणि प्रत्येक फेरीत वेळ वाचवत.

९/
ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन डीएस अवतरली आणि मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या मोटारीत पुढच्या चाकांना डिस्क मिळाल्या. मागे ड्रमच राहिले. आजही अनेक भारतीय घरांतल्या छोट्या गाड्यांत हीच वाटणी दिसते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. मागचा ड्रम स्वस्त पडतो आणि त्यात हँडब्रेक सहज बसतो.

१०/
आता किंमतीकडे वळू. १९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांत या खनिजाचे कण आढळले आणि डॉ. विल्यम कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मालकांनी भरपाई नाकारली होती. १९३१ मध्ये ब्रिटनने या उद्योगासाठी नियम केले. संपूर्ण बंदी यायला १९९९ उजाडले. म्हणजे पॅरिसमध्ये डीएसचे कौतुक होत होते, तेव्हा या धुळीने माणूस मरतो हे जाहीर होऊन तीन दशके उलटली होती. तरीही ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस होतेच.

११/
हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. फ्रूड यांनी घडवलेलेच नाव धारण करणारा हिंदुस्तान फेरोडो हा ब्रेक-अस्तरांचा कारखाना मुंबईत घाटकोपरला होता. देशभरातील ॲस्बेस्टॉस कामगारांचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निर्णय दिला : कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असाही आदेश झाला. मुदत इतकी लांब असण्याचे कारण उघड आहे. हा आजार दिसायला दशके घेतो.

१२/
या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या तबकडीची निगा पाहू. ती साधारणतः बिडाची असते. बिडातील ग्रॅफाइट उष्णता लवकर पसरवते आणि कंप शोषून घेते. लँचेस्टरची किंकाळी बऱ्याच अंशी येथे शमली. तबकडी झिजण्यासाठीच असते. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली तबकडी उष्णता साठवू शकत नाही. ती बदलावीच लागते. भेगा, खोल चरे, तापून पडलेले निळसर डाग हे धोक्याचे इशारे आहेत. पावसानंतर दिसणारा हलका गंज मात्र चार-दोन वेळा ब्रेक लावताच निघून जातो.

१३/
ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा ती वाकलेली नसते. पॅडचा पदार्थ तिच्यावर असमान चिकटलेला असतो, हब आणि तबकडी यांच्यामध्ये गंज साचलेला असतो किंवा चाकाचे नट असमान आवळलेले असतात. मिलिमीटरच्या शतांश भागांतला फरकही पायाला जाणवतो. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा, सतत ब्रेक दाबून धरू नये आणि पॅड बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

१४/
शेवटची काळजी गाडीपेक्षा माणसाची. अनेक गॅरेजमध्ये ब्रेक उघडला की साचलेली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवली जाते. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. ही भुकटी ओल्या फडक्याने पुसावी किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून काढावी. कोरडी उडवू नये. मेकॅनिकला तसे सांगण्यास अर्धे मिनिट लागते. रॉचडेलच्या नेली केरशॉला तेवढेही कोणी सांगितले नव्हते.

(समाप्त)