मिशनच्या शाळेतला धर्माचा तास

मिशनऱ्यांनी आपल्याला अक्षर दिलं, असं एक कार्यकर्ता म्हणतो. आपल्याला बाटवायला शाळा काढल्या, असं दुसरा म्हणतो. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून मी जे वाचलं, त्यावरून माझं म्हणणं असं, की दोन्ही गोष्टी एकाच फळ्यासमोर झाल्या. म्हणून भांडत बसण्यापेक्षा धर्माच्या तासाला पोरांना काय शिकवलं, ते बघू.

अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत उतरलं, 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाण मांडून बसलं. तिथनं खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. सरकारी शाळेची तऱ्हा काय होती? 1856 साली धारवाडच्या एका महार पोरानं प्रवेश मागितला. मुंबई सरकार म्हणालं, एकासाठी बाकीची शाळा मोडायची नाही. झालं, पोरगं बाहेर. मिशनची शाळा मात्र महारवाड्यात आली. मास्तर कैकदा आपल्यातलाच, नवा ख्रिस्ती झालेला. आठवडाभर बाराखडी, रविवारी प्रार्थना. माणूस तोच, जागाही तीच.

धर्म शिकवायची रीत प्रश्नोत्तराची. प्रश्न छापलेला, उत्तरही छापलेलं. पोरानं फक्त पाठ करायचं. जोडीला दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, गायनं. प्रश्न पोराचा नव्हताच.

माझी आजी नगरकडची. मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत होती. दहा आज्ञा तिला शेवटपर्यंत तोंडपाठ. पण रोजगाराच्या हजेरीवर अंगठाच. पाठांतर टिकलं, वाचणं गेलं. शाळेनं काय जपलं नि काय सोडलं, ते यावरून कळतं.

हे नुसतं एका खेड्यातलं नाही. 1854-55 साली अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं धोरण सरळ होतं: शाळा चर्चसाठी, शिकवणं देशी भाषेत. इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड आली. आता इंग्रजी म्हणजे त्या काळी नोकरीची नि कायद्याची शिडी. धर्माचा तास राहिला, शिडी काढून घेतली.

पण अक्षर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. जोतिबा पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली नि 1848 साली पुण्यात स्वतःची काढली. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. त्यांच्या शाळेत शिकलेली मांगाची पोर मुक्ता साळवे. 1855 साली तिचा निबंध छापला तो मिशनच्याच 'ज्ञानोदया'त. तिनं पाठ केलेलं उत्तर लिहिलं नाही. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्माशिवायचे ठरलो, मग देवा, आमचा धर्म कोणता, असं तिनं विचारलं. धर्माच्या तासाला खरं शिकवणं म्हणतात ते हे. प्रश्न पोरीचा आणि उत्तर छापलेलं नाही.

1882 साली हंटर कमिशनपुढं जोतिबांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं त्याची यादी दिली. मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतकी, आरोग्य, नीतीचे थोडे धडे. धर्मशास्त्र त्यात नाही.

पुढं राज्यघटनेत कलम 28 आलं. सगळा खर्च सरकारचा असेल तिथं धर्मशिक्षण नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पोराला धर्माच्या तासाला बसवायचं तर आईबापाची संमती पाहिजे. दोस्तांनो, किती आईबापांना हे ठाऊक आहे? वस्तीतल्या शाळांत जाऊन विचारा. शाळा ख्रिस्ती असो की दुसऱ्या कुणाची, ही तपासणी आपली आहे.

आणि हीच तपासणी आपल्या घरचीही करा. रविवारी विहारात आपण पोरांना बसवतो. बावीस प्रतिज्ञा घडाघडा म्हणवून घेतो, टाळ्या होतात. एखादं पोर उठून विचारतं, 'ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी का घातली?' तेव्हा आपण म्हणतो, 'खाली बस.' मग मिशनच्या मास्तरात नि आपल्यात फरक काय राहिला? ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असं बुद्धानं कालामांना सांगितलं. 1956 साली बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला हा धम्म दिला तो पाठांतरासाठी नाही. पोरांना प्रतिज्ञा जरूर शिकवा. पण तास संपायच्या आत प्रत्येकाकडून एक प्रश्न घ्या. तो वहीत लिहून घ्या, पोराच्याच हातानं.